विसरलेली एक पायरी

मी नालासोपाऱ्याहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानाची वेबसाइट बघायचो. प्रत्येक बदलानंतर तीच तीन कामं हाताने करायची: जावास्क्रिप्टच्या फाइल एकत्र जोडायच्या, त्या लहान करायच्या, मग सर्व्हरवर चढवायच्या. एका रात्री नवे भाव टाकले आणि जोडायचंच विसरलो. जुनीच फाइल वर गेली. सकाळी विरार लोकलच्या गर्दीत दुकानदारांचा फोन: "अरे, जुनेच भाव दिसतायत!" त्या ऑर्डरींतला फरक माझ्या पैशांतून गेला.

नंतर वाचलं, तर ही चूक माझ्याही आधीची निघाली! १९७६ साल, अमेरिकेतल्या बेल लॅब्स. स्टीव्ह जॉन्सन यांनी बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. दुरुस्ती झाली होती, फक्त फाइल पुन्हा कंपाइल केलेली नव्हती. ते वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले, तर फेल्डमनही आदल्या संध्याकाळी त्यातच अडकलेले! त्यातून फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. युक्ती साधी: मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल, तरच पुन्हा बनवायची.

२००९ मध्ये रायन डाल यांचं 'नोड' आलं आणि जावास्क्रिप्टमध्येच अशी अवजारं लिहिणं सोपं झालं. २०१२ मध्ये बेन अल्मन यांचं 'ग्रंट', २०१३ मध्ये 'गल्प'. ग्रंटमध्ये कामं बरीचशी सेटिंगसारखी मांडायची. गल्पमध्ये प्रत्येक काम म्हणजे एक साधं फंक्शन: फाइल उचला, पाइपमधून पुढे सोडा, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग 'सीरीज'मध्ये क्रम लावायचा. मधलं एखादं काम फसलं, तर पुढचं सुरूच होत नाही. म्हणजे जोडणी फसली तर चढवणं नाही!

मी एका रविवारी बसून माझी गल्पफाइल लिहिली. आता एकच कमांड देतो. भाव चुकीचा टाइप केला तर तो चुकीचाच जाणार, ते गल्पला कळत नाही. पण पायरी राहून जात नाही.

तुम्ही रोज हाताने करता असं एक काम आज कागदावर पायरी-पायरीने उतरवा. निम्मा प्रोग्राम तिथेच झाला समजा. चला, भेटू पुढच्या भागात!