दिनविशेष : १२ नोव्हेंबर – छावणीची जमीन ट्रस्टकडे
१९९६ : अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी प्रेसिडिओ ट्रस्टच्या कायद्यावर सही केली. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पुलालगत असलेली प्रेसिडिओ ही लष्करी छावणी स्पॅनिशांनी १७७६ मध्ये वसवली. पसारा सुमारे १५०० एकर, तोही ऐन शहरात. लष्कराला नकोशी झाल्यास ही जागा राष्ट्रीय उद्यानात जाईल, अशी तरतूद खासदार फिलिप बर्टन यांनी १९७२ च्या कायद्यातच करून ठेवली होती. केवढी ही दूरदृष्टी! १९९४ मध्ये लष्कर गेले. नव्या कायद्याने किनारपट्टी उद्यान खात्याकडे ठेवून बाकीची सुमारे ८० टक्के जागा ट्रस्टला दिली. अट मात्र कडक : २०१३ पर्यंत सरकारी अनुदानाविना कारभार चालला पाहिजे, नाहीतर जमीन विक्रीला निघेल. जुन्या लष्करी इमारती आणि घरे भाड्याने देत ट्रस्टने ती पाळली.