टोलनाक्यावरील वाहतुकीचे सदृशीकरण

नाक्यावरील गाड्यांची आवक, रांग व सुटका संगणकात उभी करून कोंडीवरचे उपाय आधी तिथेच पारखण्याची पद्धत. मुंबई व मीरा-भाईंदरच्या हद्दीवरचा दहिसर नाका पाहिला की तिची गरज लगेच पटते. गाडी चार हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते.

पद्धतीचा पाया रांगसिद्धांत हा आहे. लेस्ली एडी यांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाच्या टोलनाक्यांवरील विलंबाचे गणित मांडले. एका गाडीला १५ सेकंद लागत असतील, तर एका खिडकीतून तासाला २४० गाड्या सुटतात. पण गाड्या ठरावीक अंतराने येत नाहीत. साध्या प्रतिमानात खिडकीवर क्षमतेच्या ८० टक्के भार असेल, तर रांगेत सरासरी ३ गाड्या असतात. ९५ टक्क्यांवर १८. म्हणूनच कोंडी एकाएकी झाल्यासारखी वाटते.

सुमो, विसिम या सदृशीकरणाच्या संगणकप्रणालींत प्रत्येक वाहन स्वतंत्र धरतात. नाका ओलांडल्यावर अनेक रांगा मोजक्या मार्गिकांत शिरताना होणारी घुसमट त्यांत स्पष्ट दिसते. खिडक्या वाढवून ती सुटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या ५ प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. अवजड वाहनांचा टोल कायम राहिला. त्यामुळे ट्रक किती आधी वेगळे काढावेत, हा कळीचा प्रश्न ठरतो. आपल्याकडे दुचाकी फटीफटीतून पुढे जातात. शिस्तशीर मार्गिका गृहीत धरणारे परदेशी प्रतिमान इथे जसेच्या तसे चालत नाही. आधी रस्त्यावर उभे राहून मोजणी करावीच लागते.