नाताळचा खर्च: न आलेल्या बिलावर उधारी नको

नाताळ जवळ आला की श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत कपडे, स्टार, केक, करंज्यांची लगबग सुरू होते. 25 तारखेला घरभर पाहुणे. या खर्चाचा चटका बसतो तो जानेवारीत.

अनेक घरांचा हिशेब उसाच्या बिलावर चालतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे द्यावेत असा नियम आहे, पण बिल कधी कधी लांबतं. म्हणून खात्यात न आलेला पैसा धरून दुकानात उधारी करू नये. आधी बी-खताची, मुलांच्या फीची रक्कम बाजूला काढावी, मग बाजाराला जावं.

सावकाराकडून शेकडा 3 ने 10,000 रुपये उचलले तर महिन्याला 300 रुपये व्याज. पुढच्या नाताळपर्यंत 3,600 रुपये व्याजातच जातात, मुद्दल आहे तिथंच. अडलंच तर आधी बचत गटात विचारावं. ‘पाच मिनिटांत कर्ज’वाल्या अनोळखी ॲपच्या वाटेला तर जाऊच नये. फोनमधले नंबर घेतात आणि वसुलीसाठी सोयऱ्याधायऱ्यांनाही फोन लावतात.

नाताळचं बक्षीस लागल्याचा मेसेज आला तर एवढं ध्यानात ठेवावं: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करावा.

पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते, त्यामुळे सणासाठी बँकेतली 12 महिन्यांची बरी. या डिसेंबरच्या सुरुवातीला महिना 500 ची आरडी उघडली, तर पुढच्या नाताळाआधी 6,000 रुपये आणि वर व्याज हातात येतं.