कढईतलं तेल आणि १८८४ सालची एक मागणी

ज्यांना प्रवासात हेडफोन लावून ऐकता येत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर देतोय. आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तो तुमच्या वडापावपर्यंत येऊन पोहोचतो. विषय आहे, हॉटेलात काम करताना माणूस भाजला, पडला किंवा दगावला तर पैसे कोण देतं?

मोरगाव डोळ्यांसमोर आणा. अष्टविनायकातला पहिला गणपती, मयूरेश्वर. कऱ्हाकाठचं गाव, पुण्याहून सासवड-जेजुरी करत साठ-पासष्ट किलोमीटर. चतुर्थीला, त्यातही अंगारकी असली की गर्दी विचारू नका. दर्शन झालं की लोक खाण्याकडे वळतात. मिसळ, भजी, साबुदाणा खिचडी, चहा. आपण ऑर्डर देतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. उकळत्या तेलाची कढई, गॅसची भट्टी, मोरीजवळची निसरडी फरशी, मिक्सरचं उघडं पातं. आचारी, वेटर, भांडी घासणारी मावशी, सगळे एवढ्याशा जागेत पळापळ करत असतात.

आता थोडं मागे जाऊ. १८८४ साल, मुंबई. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करतात. हे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. रविवारच्या सुट्टीसाठी त्यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी सरकारी आयोगापुढे गेलेल्या त्या मागणीपत्रात आणखी एक मागणी होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

योगायोग बघा, त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगार अपघात विम्याचा कायदा केला. ब्रिटनने १८९७ मध्ये केला. आपल्याकडे मात्र एकोणचाळीस वर्षं थांबावं लागलं. १९२३ मध्ये 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते, हेही कुलाबा जिल्ह्यातले मराठी माणूस.

या कायद्याची मोठी गोष्ट कोणती? त्याआधी जखमी कामगाराला कोर्टात मालकाची चूक सिद्ध करावी लागायची. मालकाचा वकील म्हणायचा, "धोका माहीत होता ना? मग काम का धरलंस?" किंवा, "चूक तुझ्या सोबत्याची, मालकाची नाही." १९२३ नंतर प्रश्नच बदलला. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला का? झाला असेल तर भरपाई. चूक कोणाची, हा मुद्दा बाजूला पडला.

पण दोन मोठ्या फटी होत्या. पहिली, रक्कम. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. 'कमी', बरं का!

दुसरी फट, यादी. कायदा कोणाला लागू, याची एक अनुसूची होती. त्यात कारखाने, खाणी, रेल्वे, जहाजं. हॉटेलातला आचारी नाही. तो पुढे दुरुस्तीने आला, पण अटीसह. वीज, एलपीजी किंवा एखादं यांत्रिक साधन वापरून स्वयंपाक होणाऱ्या हॉटेलातला आचारी. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल, अट पूर्ण झाली तरच पुढची ओळ चालणार. आता आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या पाट्या आठवा, 'चुलीवरची भाकरी मिळेल'. लाकडाच्या चुलीपुढे बसलेली ती मावशी या ओळीत सापडत नाही. तिच्यासाठी वकिलाला दुसरी एखादी ओळ शोधावी लागते.

दुसरा रस्ता विम्याचा. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला. आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या हॉटेलांना तो लागू होतो, पगार २१,००० पर्यंत असेल तर. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. म्हणजे १५,००० पगारावर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे. त्यात उपचार, आणि कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर पगाराच्या सुमारे ९० टक्के.

पण मंदिराजवळच्या हॉटेलात दहा माणसं असतात का? बहुतेक ठिकाणी चार-पाच. मग तिथे १९२३चीच चौकट. आचारी २५ वर्षांचा, पगार १५,००० आणि तो कामावर दगावला, तर निम्मा पगार ७,५०० गुणिले तक्त्यातला आकडा २१६.९१. उत्तर, १६,२६,८२५ रुपये. आता नियम 'जे जास्त असेल ते' असा आहे. ही रक्कम चार टेबलांच्या मालकाने कुठून आणायची? त्यासाठी विमा कंपन्यांची पॉलिसी मिळते, धंद्यात तिला अजूनही 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. ती घेतली नाही म्हणून जबाबदारी टळत नाही. मग मालकाचं हॉटेल तरी जातं, नाहीतर कामगाराच्या घरच्यांच्या हाती काही लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गावात अशा वेळी चार माणसं बसतात, "मिटवून टाका" म्हणतात, पन्नास हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतात. १९२३च्या कायद्याने याला आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करायची, परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. उपाशी माणूस कशावरही सही करेल, हे कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ व १९४८ चे हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले. ॲपवरून जेवण पोहोचवणारी पोरं 'गिग कामगार' म्हणून पहिल्यांदा कायद्याच्या व्याख्येत आली. पण यादीत नाव येणं आणि हातात पैसे पडणं यात किती अंतर असतं, ते आपण आत्ताच पाहिलं. लोखंड्यांच्या मागणीला एकोणचाळीस वर्षं लागली होती.

तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी हॉटेलात कामाला असेल तर त्यांना दोनच प्रश्न विचारा. ईएसआयचा नंबर आहे का? नसेल, तर मालकाकडे पॉलिसी आहे का? आणि तुमच्याच घरचं हॉटेल असेल, तर हेच दोन प्रश्न वडिलांना किंवा काकांना विचारा. हा भाग त्यांनाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!