हौशी खेळाडू व अर्थार्जन

क्रीडानैपुण्याचा मोबदला न घेता खेळणाऱ्यास हौशी खेळाडू म्हणतात. महाविद्यालयीन खेळाडूने आपले नाव वा छायाचित्र जाहिरातीस देऊन पैसे घ्यावेत की नाही, हा वाद याच कल्पनेतून उद्भवला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाने ती रूढ केली. अमेरिकेच्या जिम थॉर्पने विद्यार्थिदशेत अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे उघड होताच त्याची १९१२ ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये ती मरणोत्तर परत देण्याचे ठरले.

महाराष्ट्रात जत्रेच्या फडात इनामाची कुस्ती करणे कमीपणाचे मानले जात नसे. तथापि हौशीपणाच्या नियमाने खेळाडूची मिळकत रोखली, तरी खर्च टळत नाही, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून दिसते. हेलसिंकी ऑलिंपिकसाठी (१९५२) त्यांना वर्गणी गोळा करावी लागली व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रु. दिले. जाधवांनी कांस्यपदक मिळविले आणि परतल्यावर कुस्त्यांचे सामने भरवून, त्या उत्पन्नातून हे ऋण फेडले.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल यांपासून संस्थांना प्रचंड उत्पन्न मिळे. खेळाडूस मात्र शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नसे. कॅलिफोर्नियाचा कायदा (२०१९) व सर्वोच्च न्यायालयाचा ॲल्स्टन खटल्यातील निर्णय (२०२१) यांनंतर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे उत्पन्न घेण्याची मुभा मिळाली. अध्ययनाची हेळसांड व संघांतील विषमता हे यावरील प्रमुख आक्षेप होत.

भारतातील आंतरविद्यापीठीय स्पर्धांना असे उत्पन्न नाही. त्यामुळे येथे प्रश्न नफ्याच्या वाटपाचा नसून प्रवास, आहार व दुखापतीवरील उपचार यांच्या खर्चाचा आहे. खेलो इंडिया योजनेत (२०१८) निवडक खेळाडूंसाठी दरसाल ६.२८ लाख रु. ठरविण्यात आले, त्यांपैकी १.२० लाख रु. हातखर्चाचे होत. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात (२०१४) राकेशकुमार यास १२.८ लाख रु. मिळाले. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत कबड्डी लोकप्रिय आहे; परंतु गावच्या संघातून खेळणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांपर्यंत निवड वा लिलाव पोहोचत नाही. त्यांच्या दृष्टीने जाहिरातीच्या हक्काहून खर्चाची हमी अधिक निकडीची आहे.