अर्धं मिनिट आणि बेचाळीस तास

पुण्याच्या हनुमान टेकडीवर रोज पहाटे चढणाऱ्यांमध्ये चिकूचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अचानकच झालं हो सगळं." मी तिथे होते. नंतर दोन्ही घरांत जाऊन बसले, चिकूच्या डॉक्टरांशीही बोलले. त्यात अचानक म्हणावं असं मला काही सापडलं नाही. जे सापडलं ते वेळेनुसार लिहिते आहे. माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

शनिवार, संध्याकाळी ७

सिंबा साडेतीन वर्षांचा जर्मन शेफर्ड, वजन ३६ किलो. घरासमोरच कार्यालय आहे, आणि फेब्रुवारी म्हणजे लग्नांचे दिवस. डीजे सुरू झाला, वरात दारात आली, फटाक्यांच्या माळा लागल्या. त्या गर्दीतून कुत्र्याला न्यायचं कसं, म्हणून संध्याकाळचं फिरणं रद्द झालं. सिंबा रात्री साडेअकरापर्यंत पलंगाखाली धापा टाकत होता.

कुत्रा असा घाबरला की अंगातला ताण आवाज थांबल्याबरोबर उतरत नाही. कधीकधी त्याला एक-दोन दिवस लागतात. तोवर एरवी तो ज्याकडे ढुंकूनही बघणार नाही अशा गोष्टीवर भडकू शकतो.

रविवार, सकाळी ६.२०

सिंबा आणि त्याचा मालक, पंचविशीतला मुलगा, टेकडीच्या पायथ्याशी आले. तिथल्या एका भटक्या कुत्र्याला पाहून सिंबा जागीच ताठ झाला आणि घशातल्या घशात गुरगुरला. मुलाने लीश आखडली, "चल रे," म्हणाला, आणि दोन पावलांत प्रकरण मिटलं. लीश होती म्हणून मिटलं. मला विचाराल तर त्या सकाळची सगळ्यात मोठी सूचना हीच होती.

६.४०

माथ्यावर सपाटी आहे. ग्लिरिसिडियाला गुलाबी फुलं आली होती, नीट उजाडलं नव्हतं. मुलाने वाकून लीशचा हुक काढला. काल फिरायला मिळालं नाही, आज जरा पळू दे, हा त्याचा विचार. प्रेमानेच केलेला. मग त्याने खिशातून टेनिसचा चेंडू काढला.

मोकळं सोडायला माझी हरकत आहे ती अशी: कुत्रा मोकळा सोडायचा तर हाक मारल्यावर तो परत आला पाहिजे, आणि समोर दुसरा कुत्रा, चेंडू, धावणारं मूल असतानाही आला पाहिजे. घरात "ये" म्हटल्यावर येतो, ही त्याची परीक्षा नव्हे. वीसेक वेळा चेंडू फेकला की कुत्र्याचं डोकं चांगलंच तापलेलं असतं, आणि बऱ्याच कुत्र्यांना तो चेंडू आपलाच वाटू लागतो.

६.५०

काकू चिकूला घेऊन वर आल्या. चिकू सात वर्षांची पांढरी पॉमेरेनियन, जेमतेम साडेपाच किलोची, लीशला बांधलेली. काकूंनी लांबूनच आवाज दिला, "अरे, त्याला धर रे बाबा."

"काकू, घाबरू नका. तो काही करत नाही."

सिंबाचं तोंड तोवर उघडं होतं, जीभ बाहेर होती. ते मिटलं. शेपूट वर गेली आणि तशीच थांबली. वजन पुढच्या पायांवर आलं, नजर चिकूवर खिळली. शेपूट वर आहे म्हणजे खूश आहे, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पण तोंड मिटून, अंग ताठ करून, डोळे न हलवता बघणारा कुत्रा खेळायला निघालेला नसतो. तेव्हाही पाच-सहा सेकंद हातात होती.

चेंडू मातीवरून घरंगळत चिकूच्या पायाशी गेला. ती हुंगायला वाकली.

६.५५

सिंबाने तिला पाठीवर, बरगड्यांच्या मागे धरलं, उचललं आणि झटकलं. तीन-चार वेळा.

काकूंनी लीश जिवाच्या आकांताने ओढली. एका गृहस्थांनी सिंबाच्या पाठीत काठी घातली. दोन्हींनी उलटंच होतं. मार बसला की कुत्रा पकड आणखी आवळतो, आणि दातांत धरलेल्याला ओढलं की मांस फाटतं. अशा वेळी हल्ला करणाऱ्याच्या मागच्या बाजूने जायचं, त्याचे मागचे दोन्ही पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे आणि त्याला मागे नेत गोल फिरवायचं. पुढचे पाय सावरण्यात तो गुंततो आणि वळून चावणं त्याला अवघड जातं. पण हे पकड सुटल्यावर. दात रुतलेले असतील तर आधी गळ्यातला पट्टा मागून धरून पिळायचा, श्वास अडला की जबडा उघडतो. आणि उघडल्या क्षणी दुसऱ्याने लहान कुत्रं उचलायचं. बाटलीभर पाणी नाकावर मारणं, मध्ये छत्री उघडणं, अंगावर जाकीट टाकणं, यांनीही कधी भागतं. तोंडाजवळ हात मात्र घालायचा नाही, तो कुत्रा आपलाच असला तरी.

मी ओरडले, "पट्टा पीळ, पट्टा!" मुलाने पिळला. सिंबाने सोडलं. तेवढ्यात काकूंचा हात मध्ये गेला होता. तळव्याला दात लागले, सिंबाचे की वेदनेने कळवळलेल्या चिकूचे, ते कुणालाच कळलं नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट.

७.०५

चिकू उठून उभी राहिली, अंग झटकलं, चार पावलं चालली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पांढऱ्या केसांत दोन लाल ठिपके, मसुराच्या डाळीएवढे. "वाचली," असं पाच जणांनी म्हटलं.

मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला उचलून झटकलं, की जखम दिसते तिथे नसते. सुळे कातडीला बारीक भोक पाडून आत जातात. कातडी सैल असते, ती दातांबरोबर हलते. आतला स्नायू हलत नाही, तो चिरडतो आणि कातडीपासून सुटतो. बरगड्या मोडतात, फुप्फुसाला इजा होते, पोटाची भिंत फाटू शकते. तोंडातले जंतू आणि केस त्या पोकळीत जाऊन बसतात, आणि बाहेरचं भोक तासाभरात मिटूनही जातं. कुत्रा चालतो तो भीतीने उसळलेल्या बळावर.

म्हणून तो चालत असला तरी थेट डॉक्टरकडे जायचं. घरी नाही.

सकाळी ८ ते दुपारी १२

काकूंच्या हाताचं सगळं नीट झालं. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतला, हळद-चुना काही लावलं नाही, महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. रक्त आलेली जखम म्हणजे तिसऱ्या श्रेणीची, म्हणून रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. पुढच्या तारखा कागदावर लिहून मिळाल्या: तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. सिंबाच्या लसीकरणाचं कार्ड मुलाने स्वतः आणून दाखवलं. तो रडत होता. त्याला मी वाईट म्हणणार नाही.

या धावपळीत चिकू घरी टोपलीत झोपून होती. तिची जखम कापसाने पुसून झाली होती. नेहमीचा दवाखाना रविवारी बंद, आणि ती शांत दिसत होती.

रविवार, संध्याकाळी ५

चिकूने दूध हुंगलंही नाही. उचलायला गेलं की किंचाळायची. शेजाऱ्यांनी माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यायला सुचवलं. काकूंनी दिली नाही, आणि बरं केलं. आयब्युप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

रात्री १०

श्वास जलद झाला. निवांत झोपलेला कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. काकूंच्या मुलीने छातीवर हात ठेवून मोजले तर ५० च्या पुढे गेले. हिरड्या नेहमीपेक्षा गडद लाल दिसत होत्या. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळी उघडल्या उघडल्या दवाखाना गाठायचा असं ठरलं.

सोमवार, सकाळी ९.३०

डॉक्टरांनी पहिल्यांदा मशिनने केस काढले. पांढऱ्या केसांखाली पाठीपासून पोटापर्यंत कातडी जांभळी-काळी पडली होती. हात लावला की खाली हवा चुरचुरत होती. भोकात घातलेली सळई आडवी बोटभर आत गेली. एक्स-रेमध्ये दोन बरगड्या मोडलेल्या. ताप १०४.६.

सोमवार, दुपारी १

सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला जरा स्थिर केलं आणि मग भूल दिली. कातडी उघडल्यावर मेलेला स्नायू निघाला, दुर्गंध सुटला. जेवढं काढता येईल तेवढं काढलं, पू वाहून जायला नळी बसवली. डॉक्टरांनी काकूंना खरं तेच सांगितलं: जंतू रक्तात उतरले आहेत.

सोमवार, रात्री ९

ताप उतरला. घरच्यांना आशा वाटली. पण तो ९९ च्याही खाली गेला होता, पंजे गार पडले होते, लाल हिरड्या आता पांढुरक्या झाल्या होत्या. रक्तदाब सावरत नव्हता.

मंगळवार, रात्री १

चिकू गेली. हल्ल्याला बेचाळीस तास झाले होते.

रविवारी सकाळी आठला तिला टेबलावर घेतलं असतं तर ती नक्की वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. संधी कितीतरी जास्त होती, एवढं म्हणाले.

बुधवार, सकाळी ११

काकूंबरोबर मी चौकीत गेले. "कुत्र्याने कुत्र्याला चावलं, त्यात आम्ही काय करणार?" हा पहिला प्रश्न. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आम्ही छापूनच नेलं होतं. पाळलेला प्राणी माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा करणार नाही याची काळजी मालकाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये दंड हजारापर्यंतच होता. पण कलमात आहे तो माणसाचा जीव. त्यामुळे काकूंच्या तळव्यावरच्या जखमेची नोंद झाली. चिकूची झाली ती हकिकतीत, ओघात. जिच्यासाठी आम्ही गेलो होतो तिच्यासाठी त्या कलमात जागा नाही, आणि मला हे अजिबात मान्य नाही.

जातीवरून तर काहीच होणार नव्हतं. केंद्राने मार्च २०२४ मध्ये 'हिंस्र' जातींची यादी काढली होती, ती कोर्टात अडकली. त्या यादीतही जर्मन शेफर्ड नव्हताच. असता तरी रविवारी पायथ्याशी जे काम केलं ते लीशने केलं होतं.

मुलाने उपचारांचा सगळा खर्च दिला. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना त्याने काढलेला नव्हता, तो आता काढला. सिंबाला तो जाळीची मुसकी सवयीची करतो आहे, रोज थोडा वेळ, खाऊ देत देत. काकूंनी तक्रार मागे घेतलेली नाही. त्यांचं म्हणणं आहे की टेकडीच्या प्रत्येक वाटेवर लीशचा नियम लिहून लागावा आणि तो मोडणाऱ्याला जागेवर दंड व्हावा. त्या अर्जावर रोज फिरणाऱ्यांच्या सह्या घेतो आहोत. पहिली सही सिंबाच्या मालकाची आहे.