एकच संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा...

पीक विम्याच्या नोंदणीची मुदत उद्या संपणार असते, सातबाऱ्याचा उतारा तातडीने हवा असतो आणि नेमके हवे ते संकेतस्थळ उघडण्याचे नाव घेत नाही. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत घरी इंटरनेट घेतलेल्या अनेकांना हा अनुभव परिचयाचा असेल. बातम्या वाचता येतात, चित्रफिती चालतात. अडते ते एकच पान. २०२३ साली खरीप विम्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली होती, परंतु प्रत्येक वेळी अशी सवलत मिळेलच असे नाही. त्यामुळे दोष आपल्या घरात आहे, केबलवाल्याकडे आहे की त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर, हे लवकर कळणे महत्त्वाचे ठरते. दोष पलीकडे असेल तर आपण मोडेमशी केलेली सर्व खटपट व्यर्थ जाते.

त्यासाठी पहिली परीक्षा सोपी आहे. मोबाइलचे वाय-फाय बंद करून, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही ते उघडले नाही, तर अडचण बहुधा संकेतस्थळाचीच आहे. मोबाइल डेटावर उघडले, तर दोष घरच्या जोडणीत किंवा संगणकात आहे. मग घरच्या वाय-फायवर दुसऱ्या एखाद्या उपकरणात उघडावे. तेथे ते उघडत असेल, तर दोष फक्त आपल्या संगणकाचा. या दोन मिनिटांच्या परीक्षेने निम्मे काम होते, पण बहुतेक जण ती न करता थेट मोडेमचे बटण दाबतात.

कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर मोडेमवरील दिवे पाहावेत. फायबरच्या जोडणीत ‘लॉस’ हा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचतच नाही. तार कोठे तरी तुटली किंवा सुटली आहे, ती केबलवाल्यालाच जोडावी लागेल. वीज गेल्यावर घरचा मोडेम इन्व्हर्टरवर चालू असूनही इंटरनेट बंद पडत असेल, तर गल्लीतल्या स्विचकडे लक्ष द्यावे. लॅन तारेच्या जुन्या जोडण्यांत वाटेतील स्विचला वीज लागते. आजच्या फायबर जाळ्यातील विभाजकाला मात्र ती लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे एकच संकेतस्थळ अडण्याकडे वळू. आपण पत्ता अक्षरांत लिहितो, पण संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा शोधून देणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. घरच्या जोडणीत हे काम सहसा सेवा पुरवठादाराचा सर्व्हर करतो. त्याच्याकडे जुना आकडा राहिला किंवा तो सर्व्हरच मंदावला, तर बाकी इंटरनेट ठीक असूनही पान उघडत नाही. संदेशात ‘डीएनएस’ किंवा ‘एनएक्सडोमेन’ असे शब्द दिसल्यास आधी पत्त्याचे स्पेलिंग तपासावे. ते बरोबर असेल, तर संगणकाच्या किंवा मोडेमच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत भरून पाहावा. पूर्वीचा आकडा कागदावर टिपून ठेवण्यास विसरू नये. अर्थात नावाची नोंदच पलीकडून नाहीशी झाली, तर याचाही उपयोग नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद पडले, ते त्याच्या डीएनएस सर्व्हरपर्यंतची वाटच मिटल्याने. त्या रात्री मोडेम कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी फरक पडला नसता.

दुसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे संगणकाचे घड्याळ. जुन्या डेस्कटॉपमधील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवणारे मुदतबंद प्रमाणपत्र दाखवतात. संगणकाच्या लेखी आज २०१५ साल असेल, तर त्याला आजचे प्रमाणपत्र अमान्य ठरते आणि ‘जोडणी खासगी नाही’ असा इशारा येतो. तारीख-वेळ दुरुस्त करावी आणि बॅटरी बदलावी. बहुतेक संगणकांत सीआर २०३२ ही स्वस्तातली बॅटरी असते. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर विशेषतः बँकेच्या संकेतस्थळावर तो धुडकावून पुढे जाऊ नये.

पान अर्धवट उघडून थबकत असेल आणि घरातील सर्व उपकरणांत तसेच होत असेल, तर मोडेममधील ‘एमटीयू’ ही नोंद पाहावी. वापरनाव व पासवर्ड घालून सुरू होणाऱ्या ‘पीपीपीओई’ जोडणीत प्रत्येक पाकिटातील आठ बाइट जोडणीसाठीच खर्च होतात. म्हणून तेथे १५०० ऐवजी १४९२ हा आकडा असावा लागतो. काही संकेतस्थळे या फरकाने अडतात, बाकीची निभावून नेतात.

व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करावे. आपल्याकडील अनेक शासकीय संकेतस्थळे परदेशातील पत्त्यांना प्रवेश देत नाहीत आणि व्हीपीएनमुळे हिंगोलीतला माणूस त्यांना सिंगापूरचा वाटू शकतो. ब्राऊजरच्या खासगी खिडकीत पान उघडले, तर साठलेल्या कुकीज पुसून टाकणे पुरेसे असते.

पडद्यावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला, तर मात्र घरच्या जोडणीला दोष देऊ नये. आपली विनंती पलीकडे पोहोचली आहे, तेथील सर्व्हर उत्तर देण्यास असमर्थ आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवशी हेच अधिक संभवते. अशा वेळी पान पुन्हा पुन्हा ताजे करून गर्दीत भर घालण्यापेक्षा रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा आणि संदेशाचे चित्र तारीख-वेळेसह जपून ठेवावे. मुदतवाढ मागताना ते दाखवता येते.

दोष पुरवठादाराकडे आहे असे ठरल्यास फोनवर ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. कोणते संकेतस्थळ, किती वाजल्यापासून, संदेश कोणता, मोबाइल डेटावर ते उघडते का आणि डीएनएस बदलून काय झाले, हे सांगावे. तक्रारीचा क्रमांक घेऊनच फोन ठेवावा.